झाकण लावून काढलेले फोटो

फ्रिजच्या मधल्या कप्प्यात दुधाची बाटली, अर्धं लिंबू आणि काळ्या कापडात गुंडाळलेला कॅमेरा. कॅमेऱ्याची वायर दाराच्या रबरातून बाहेर आलेली. दारावर चिठ्ठी: दोन वाजेपर्यंत उघडू नये. लिंबू हवं असेल तर आत्ताच घ्या.

*

दातांच्या पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा असतात. माणसं येतात आणि म्हणतात, पांढरे द्या. त्या सोळांत पांढरा नसतो.

*

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली. आत एक वकील. तो आतून ओरडला, "किती वेळ लागेल?" वरून माझा भाऊ म्हणाला, "गप्प उभे राहिलात तर दहा मिनिटं. नाहीतर मग तुम्हीच सांगा."

*

सत्तर वर्षांपूर्वीच्या एका यादीतली ओळ, दोनशे अकरा या क्रमांकापुढची: "अतिशय फिकट. कमानीसारखा. आहे की नाही, शंका."

*

"एकशे बेचाळीस तास, आणि त्यात काही म्हणजे काही नाही. ताई, स्पष्ट विचारते, राग मानू नका. हे तास खरे आहेत ना?"

*

झाकण लावून काढलेल्या फोटोत काहीही नसावं.

*

आता ओळीने सांगते.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. आम्ही दोघं एकाच घरात राहतो. मला पंचावन्न झाली, त्याला पन्नास. दोघांचीही लग्नं या ना त्या कारणाने राहून गेली. उरलेल्या आयुष्याचं काय करायचं, याचं उत्तर त्याने गच्चीवर उभं करून ठेवलं आहे: आठ इंचांची दुर्बीण. तिचा खांब आणि बेअरिंग भंगारात निघालेल्या लिफ्टचं. ती आकाशाबरोबर इतकी हळू फिरते की बघताना ती बंद आहे असं वाटतं.

फिकट तेजोमेघाचा फोटो एका क्लिकमध्ये येत नाही. दहा मिनिटांचा एक फोटो काढला तरी त्यात नुसता अंधार आणि तारे. असे शेकडो फोटो एकावर एक रचले की मग कुठे, काचेवर कुणीतरी श्वास सोडावा तसं काहीतरी वर येतं. मेघ जितका फिकट, तितके तास जास्त.

पण कॅमेऱ्याचा स्वतःचाही कचरा असतो. चिप गरम होते, तिच्यावर आपोआप ठिपके उमटतात. तो कचरा काढायचा तर झाकण घट्ट लावायचं आणि तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच थंडीत, अंधाराचे फोटो काढायचे. त्यांना डार्क म्हणतात. डार्कमध्ये जे असेल ते फक्त कॅमेऱ्याचं. ते आकाशाच्या फोटोतून वजा करायचं. उरेल ते आकाश.

भाऊ दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत लोंबकळत असतो. म्हणून डार्क माझ्याकडे. दुपारची पाळी असली की सकाळी कॅमेरा फ्रिजमध्ये ठेवायचा, पाळी नसली तर दिवसभर. वजाबाकी आणि रचाई हीसुद्धा माझ्याकडेच, कारण त्याला संगणकापुढे बसलं की पेंग येते. आणतो तो, निवडते मी. भाजी असो नाहीतर आकाश, आमच्या घरात नियम एकच.

*

भावाला त्याच्या आकाशनिरीक्षण मंडळातले सगळे 'दिवा' म्हणतात.

पाच वर्षांपूर्वी त्याने एक नवा तेजोमेघ सापडल्याचं जाहीर केलं. गोलसर, मधे उजळ. पंधरा दिवस अभिनंदनं. मग समोरच्या रस्त्यावरचा दिवा महापालिकेने बदलला आणि तेजोमेघ नाहीसा झाला. दुर्बिणीच्या आतल्या काचेवर त्या दिव्याचं प्रतिबिंब पडत होतं. "काय दिवे लावलेस," असं कुणीतरी लिहिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्याने तीन वर्षं दुर्बिणीवरचं कापड काढलं नाही.

यंदा तो पुन्हा उभा राहिला. दोनशे अकरा क्रमांक त्यानेच सुचवला, मे महिन्यात. आजवर कुणीही धड फोटो न काढलेला मेघ. तिघांनी मिळून, तीन दुर्बिणींनी, तीन ठिकाणांहून करायचं ठरलं. दुसरा एक चष्मेवाला, डोंगरावरच्या गावात दुकान असलेला. तिसऱ्या मोठ्या बाई, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, बोलताना अजूनही खडू हातात असल्यासारख्या.

ऑक्टोबरमध्ये चष्मेवाल्याच्या फोटोत कमान उमटली. चार दिवसांनी बाईंच्या फोटोत, तीच कमान. आमचे तास त्या दोघांच्या बेरजेहून जास्त. आमच्या फोटोत तारे होते, जागच्या जागी, आणि मेघाच्या ठिकाणी काळं. नुसतं काळं नव्हे, पुसून काढल्यासारखं.

मग बाईंचा तो फोन. रविवारी दुपारी बाराला सगळं एकत्र करायचं. तोवर आमच्या तासांत काही दिसलं तर तीन नावं, नाही दिसलं तर दोन. "दोन नावांचं मला वाईट नाही वाटणार," बाई म्हणाल्या. "पण लोक विचारणार, तिसऱ्याचं काय झालं? मग मी काय सांगू?"

काय सांगणार, हे मला माहीत होतं. दिव्याने पुन्हा दिवे लावले.

*

भाऊ पोळपाटाएवढ्या जुन्या बेअरिंगला तेल लावत बसला होता. मी सांगितलं.

"एकदम काहीच नाही?" त्याने विचारलं. "कडेलासुद्धा?"

"कडेलासुद्धा नाही. तू खूश काय होतोयस?"

"खूश कुठे? विचारतोय."

"तुला खोटारडा म्हणतायत त्या."

"बाईंना मुलांची सवय आहे गं. दोन नावं तर दोन नावं."

"पाच वर्षं मी तुझं तोंड पाहिलंय," मी म्हणाले. "आणखी पाच वर्षं ते तोंड पाहायचं माझ्याच्याने होणार नाही."

तो हसला. बेअरिंग फिरवून कानाशी धरलं.

*

माझी चूक अशी झाली.

फिकट गोष्ट दिसावी म्हणून फोटोचा उजेड प्रचंड वाढवावा लागतो. तो शेवटच्या फोटोचा वाढवतात. डार्कचा कुणी वाढवत नाही. अंधाराचा उजेड वाढवून बघायचंय काय? सोमवारी संध्याकाळी मी रचलेला फोटो उघडायला गेले आणि चुकून त्याच्या शेजारची फाइल उघडली. तीस डार्क्सची मिळून केलेली एक. उजेड वाढवला.

कमान होती.

चष्मेवाल्याची होती तशीच. डाव्या टोकाला गाठ, मधे बारीक फट, उजवीकडे विरत गेलेली. आमच्या आकाशात जिथे काळं होतं नेमकी तिथे, नेमकी तेवढी.

म्हणजे आमच्या एकशे बेचाळीस तासांत मेघ होता. रोज रात्री येत होता. आणि दर आठवड्याला मी त्या तासांतून तोच मेघ वजा करत होते.

फ्रिजमधला.

*

"झाकण सैल असेल," भाऊ म्हणाला.

"आटे आहेत झाकणाला. तूच कापलेस."

"मग फ्रिजच्या आतला दिवा."

"बल्ब गेल्या वर्षीच काढून ठेवलाय. आणि बल्बचा प्रकाश कमानीच्या आकाराचा असतो का रे?"

"फ्रिज जुना झालाय," तो म्हणाला. "बदलू."

माझा भाऊ. ज्याच्या बुटाला तीन रंगांचे तळवे आहेत, कारण तो नवे बूट घेत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन हमाल नवा फ्रिज घेऊन दारात. जुना त्याने जिन्यावरून ढकलतच खाली नेला, कुणाला घ्यायचाय का हेही न विचारता.

नव्या फ्रिजमध्ये मी दहा डार्क काढल्या. कमान होती.

"चिपवरचाच डाग आहे मग," तो म्हणाला. स्क्रीनकडे न बघता म्हणाला. "काही चिपा असतात अशा."

*

आमची एक वही आहे. प्रत्येक डार्कची नोंद: तारीख, तापमान, किती, आणि शेवटच्या रकान्यात कोणी काढल्या. माझ्यासाठी 'ता', त्याच्यासाठी 'भा'. बुधवारी लॅबमधून लवकर आले आणि वहीतल्या सगळ्या डार्क्स एकेक करून उघडल्या, उजेड वाढवून.

ता. कमान.
ता. कमान.
ता. कमान.
ता. कमान, जरा फिकट. त्या दिवशी मी बराच वेळ बाजारात होते.
भा. काही नाही.
ता. कमान.

चव्वेचाळीस नोंदी. एक्केचाळीस माझ्या, तीन त्याच्या. त्या तीन वेळांना मी घरात नव्हते: दोनदा मावशीकडे, एकदा दवाखान्यात तापाने. तिन्ही डार्क्स स्वच्छ. चिप तीच, झाकण तेच, फ्रिज तोच.

सगळ्यात जुनी कमान गेल्या हिवाळ्यातली. तेव्हा दोनशे अकरा क्रमांकाचं आमच्या घरात कुणी नावही काढलेलं नव्हतं.

मी वही मिटली. स्वयंपाकघरातला पंखा बंद केला. नवा फ्रिज अजिबात आवाज करत नव्हता. मी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. बोटांच्या पेरांत प्लास्टरची पांढरी भुकटी होती, नेहमीची. मी ते धुतले. मग बाथरूममध्ये दिवा न लावता बसले, दाराखालच्या फटीवर टॉवेल दाबून, बराच वेळ. डोळे अंधाराला सरावतात तेव्हा सगळ्यात आधी आपलेच हात दिसायला लागतात, असं ऐकलं होतं.

मला काही दिसलं नाही. दिसलं असतं तर बरं वाटलं असतं, असं नंतर वाटलं.

*

शुक्रवारी मी कामावर गेले नाही.

सकाळचे साडेदहा. पडदे उघडे. जमिनीवर उन्हाचा चौकोन. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत होतं आणि दुसरं कुणीतरी "वर घे, अजून वर, अरे वर म्हणजे वर" असं सांगत होतं. मी खुर्चीत बसले. झाकण आटे संपेपर्यंत फिरवलं. काळं कापड दोन वेढे. कॅमेरा मांडीवर घेतला आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले, मांजर धरतात तसे.

दहा मिनिटं. एक फोटो.

उजेड वाढवायची गरज पडली नाही.

कमान स्क्रीनभर होती. ज्या फटीला आम्ही फट म्हणत होतो ती फट नव्हती. तिथे बारीक धागे होते, एकमेकांत विणलेले, शंभर तरी. डावीकडची गाठ पोकळ होती. आणि तारे होते. त्या भागातले सगळे तारे, एकूण एक, सुईच्या टोकाएवढे. दुर्बिणीत ते हवेमुळे थरथरतात, फुगतात. हे थरथरलेले नव्हते. मधे हवाच नसल्यासारखे.

कॅमेऱ्याला भिंग नव्हतं. फ्रिजमध्येही कधी नसायचं. भिंगाशिवाय चिपवर उजेड पडू शकतो, पण चित्र उमटू शकत नाही. हे चष्मेवाला दुकानात आलेल्या शाळेच्या पोरांनाही सांगतो.

मी कॅमेरा समोरच्या खुर्चीवर ठेवला. पुन्हा दहा मिनिटं. फिकट कमान.

दाराशी ठेवला. जेमतेम.

मांडीवर घेतला. स्क्रीनभर.

चौथ्या वेळेला मी श्वास हळू घेऊन पाहिला, मग जोरात. त्याने काही फरक पडला नाही. मला वाटतं, त्याला मी काय करते याच्याशी देणंघेणं नव्हतं.

*

तो सात वाजता आला, कोपरापर्यंत ग्रीस. मी स्क्रीनकडे बोट केलं. तो उभ्याउभ्याच बघत राहिला.

"झाकण होतं?"

"होतं."

"कापड?"

"दोन वेढे."

"कुठे ठेवला होतास?"

"मांडीवर."

तो हात धुवायला गेला. नळ बंद झाल्याचा आवाज आला, मग पुन्हा सुरू झाल्याचा. परत आला तेव्हा कोपर लाल झाले होते.

"पाठव," मी म्हणाले.

"काय?"

"हा फोटो. यापेक्षा चांगला त्या मेघाचा फोटो जगात कुणाकडे नाही. बाईंचं तोंड बंद होईल. चष्मेवाला दुकान विकून तुझ्या पाया पडायला येईल."

"हे आकाश नाही, ताई."

"तारे मोज. सगळे तेच आहेत."

"असू देत. मी दुर्बीण तिकडे धरली होती का? नाही. मग ते माझं आकाश नाही."

"कळणारे कुणाला?"

"दोघांना." त्याने खुर्ची ओढली आणि बसला. माझ्यापासून दूर नव्हे, नेहमीच्याच जागी, गुडघ्याला गुडघा लागेल इतका. "मागच्या वेळी मला माहीत नव्हतं गं. खरंच नव्हतं. मूर्ख ठरलो, तेवढंच. आता कळूनसवरून पाठवला तर मी खरंच तो माणूस होईन, ज्याला ते नाव ठेवतात."

मी वही पुढे सरकवली. ता, ता, ता, भा.

"मी नसले की स्वच्छ येतात," मी म्हणाले.

"योगायोग."

"तीन वेळा?"

"तीनच तर."

"एक्केचाळीस विरुद्ध तीन. लिफ्ट एक्केचाळीस वेळा एकाच मजल्यावर अडकली तर तू काय म्हणशील?"

"म्हणेन की त्या मजल्याचा काही दोष नाही," तो म्हणाला, आणि वहीकडे न बघता ती माझ्याकडे परत सरकवली.

मी वही फळीवर ठेवली.

"उद्या सकाळपासून मी लॅबमध्ये राहते," मी म्हणाले. "रविवारी दुपारपर्यंत. तू स्वतः डार्क काढ, नव्याने. त्या वजा कर. मेघ तुझ्या फोटोत आहे. मीच त्याला खोडतेय. वर येईल तो."

"काही गरज नाही. नाव नकोय मला."

"मला हवंय."

"ताई, तू बस. चहा करतो."

"बसायचंच नाही आता," मी म्हणाले. "बसले की उमटतं."

तो हसला नाही. मग हसला. मग दोघंही हसलो, आणि त्याचं हसू आधी थांबलं.

*

शनिवार. लॅब बंद. खिडकीपाशी माझं टेबल, त्यावर ओळीने प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाच्या तळाशी पेशंटचा नंबर. सतरंजी अंथरली. त्याचे मेसेज येत राहिले.

"रचायचं बटण कुठलं?"

"डावीकडून तिसरं."

"तिसरं म्हणजे हिरवं?"

"हिरवं दाबलंस तर सगळं पुसेल."

"दाबलं नाही. विचारलं."

"डार्क झाल्या?"

मी दोन जबडे घासून घेतले. मग: "वीस झाल्या. अजून दहा."

"कशा आहेत?"

"अंधार आहे नुसता."

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. अंधार आहे नुसता. घरात आता तो एकटा होता, कॅमेरा फ्रिजमध्ये होता, आणि कॅमेऱ्यात जे असायला हवं तेच होतं. माझ्या हाताखालच्या जबड्याला सोळापैकी कुठली छटा लावायची हे ठरवायचं होतं. पट्टी दाताशी धरली. सगळ्या छटा मला सारख्याच दिसल्या.

मग दुसरा मेसेज: "जेवलीस का?"

*

रविवारी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी त्याने फोटो पाठवला. बाराला बाईंचा फोन माझ्याकडे, त्याच्याकडे नाही.

"आली," बाई म्हणाल्या. आवाज चढला होता. "कमान आली! आमच्या दोघांच्या मिळून नाही इतकी स्वच्छ. तिन्ही जुळवून पाहिले, ठिपक्याला ठिपका. काय चुकत होतं हो तुमचं?"

"डार्कमध्ये घोटाळा होता."

"असं होय. कोण काढत होतं?"

"मी."

"अगं बाई," त्या म्हणाल्या. मग शाळेतल्यासारख्या, समजुतीच्या सुरात, "होतं असं. एवढं काय. दिव्याला सांगा, तास खरे होते. मी चुकले. लेखी देते हवं तर."

तिन्ही नावं छापली गेली. त्याचं पहिलं, कारण तास सगळ्यात जास्त त्याचे. त्यांच्या मंडळाच्या सभेत त्याला पुढे बोलावलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि काय बोलला ते त्याला नंतर आठवेना. चष्मेवाल्याने मिठी मारली. कुणीही त्याला दिवा म्हटलं नाही. मी शेवटच्या रांगेत होते, कॅमेऱ्यांपासून लांब.

*

डार्क आता तोच काढतो, कामाच्या ठिकाणच्या गोदामात. फ्रिजमध्ये दूध आणि लिंबू. मी गच्चीवर जात नाही. कपडे वाळत घालायला तो जातो आणि एकही चिमटा सरळ लावत नाही.

संध्याकाळी तो माझ्याशेजारीच बसतो. एकदा मी विचारलं, तुला भीती नाही वाटत?

"रोज लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो मी," तो म्हणाला. "वर काय टांगलंय ते माहीत असतं."

"आणि हे माहीत नाही."

"नाही," तो म्हणाला. "हे आहे की नाही एवढंच मला बघायचं होतं." आणि मग घाईने, "म्हणजे आपल्या तासांत."

*

माझ्या हातच्या सगळ्या डार्क्स भावाच्या संगणकात एका वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. तो फोल्डर त्याने नऊ मार्चला केला, दोनशे अकरा सुचवायच्या दोन महिने आधी.